गुळगुळीत केलेला झारा

मिसळीची ताटली समोर आली की माणसं आधी कटाचा रंग बघतात. मी शेवेची जाडी बघतो. अडीच मिलिमीटर, तीन मिलिमीटर, हे मला न मोजता कळतं, आणि एखादी काडी मधेच फुगलेली असेल तर ती कुठल्या भोकातून आली असेल याचा विचार सुरू होतो. तोवर पाव गार होतो. बायको म्हणते, "निदान हॉटेलात तरी मोजमापाची हत्यारं घरी ठेवून येत जा." हत्यारं मी घरीच ठेवून येतो. डोळे कुठं ठेवणार?

कोल्हापुरात लेथवर माझी उभी हयात गेली. आमच्या उद्यमनगरात त्या काळी शेडला शेड लागून होती. कुणी इंजिनाचे पिस्टन करायचा, कुणी पंपाचे शाफ्ट. त्यांच्या मालावर शेतं भिजायची, त्यामुळं त्यांना मान होता. मी फरसाणाची मशिनं करायचो. चहाच्या टपरीवर माझी ओळख करून देताना लोक "फरसाणवाला दस्तगीर" म्हणायचे आणि हसायचे. मी पण हसायचो. मनात मात्र म्हणायचो, लेको, लोखंडाशी भांडणं सोपं आहे, एकदा बेसनाशी भांडून बघा.

खोटं नाही सांगत. लोखंडाला माप असतं, पिठाला मर्जी असते. सकाळी मळलेलं पीठ दुपारी निराळं वागतं, श्रावणात एक आणि वैशाखात एक. पाकीट फोडून मूठभर शेव तोंडात टाकणाऱ्याला वाटतं, यात काय आहे, पीठ दाबलं आणि तळलं. पण ती काडी सगळीकडं सारखी जाड हवी, नाहीतर तळताना बारीक करपते आणि जाड कच्ची राहते. ती तोंडात मोडायला हवी आणि पोत्यात मोडायला नको. हे सगळं ज्या पत्र्यातल्या भोकांवर ठरतं, ती भोकं पाडणारा मी माणूस.

चुका भरपूर केल्या. चंदगडचा एक काजूवाला भर पावसात एसटीनं आला होता. खारे-मसाला काजू करायचे होते. फौंड्रीत कास्टिंग साफ करायला लोखंडी ड्रम फिरवतात, तसाच एक लहान ड्रम मी त्याला करून दिला. आठ दिवसांनी तो परत आला आणि माझ्या पुढ्यात पिशवी उलटी केली. आत सगळा चुरा. "पावणं, मी काजूला मसाला लावायला मशीन मागितलं हुतं. रवा काढायला न्हाय." ड्रम तिरका केला, वेग निम्म्यावर आणला, आतल्या पट्ट्या बोटभर केल्या, तेव्हा कुठं काजू अख्खे बाहेर आले. अशा चुका सांगायला मजा येते. एक चूक मात्र मी बारा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती आज सांगतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या वस्तादांच्या शेडमधून बाहेर पडून मी स्वतःचा लेथ टाकला, त्याला वर्षही झालं नव्हतं. एक दिवस पेठ वडगावहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी लुगडं, उजवा हात पोटाशी धरलेला. त्यांचं नाव शांताबाई, पण गाव त्यांना अक्का म्हणायचं. वडगावात त्यांचा शेवेचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागच्या अंगणातलं छप्पर, दोन भट्ट्या आणि पाच बाया. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीनं उभा केला होता. कोल्हापुरात स्टँडजवळ मिसळीचं एक हॉटेल होतं. मालकाला सगळे तात्या म्हणत. तात्यांच्या मिसळीवर पडणारी शेव ही अक्कांची, आणि अक्कांचा सगळा कारखाना त्या एका हॉटेलाच्या शेवेवर चालायचा.

अक्का शेव झाऱ्यावर पाडायच्या. ज्यांनी हे बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कढईवर आडवा ठेवायचा एक लांब पत्रा, त्याला भोकंच भोकं. त्यावर पिठाचा गोळा ठेवायचा आणि तळहाताच्या टाचेनं पुढं रेटत घासायचा. खाली उकळत्या तेलात शेव पडत जाते. दिवसभर असं रेटायचं तर पैलवानाचा खांदा पाहिजे. अक्कांनी पंधरा वर्षं रेटलं आणि खांदा धरला.

"डाक्टर म्हणतोय, हात उचलायचा न्हाय," अक्का म्हणाल्या. "मग खायाचं काय? माझं एक असू दे, त्या पाच बायांचं काय? मला मशीन करून दे. पर शेव ह्या झाऱ्यासारखी पडाय पायजे. एक केसभर इकडं-तिकडं चालायची न्हाय."

आणि त्यांनी पिशवीतून तो झारा काढून माझ्या हातात दिला.

झारा काळाकुट्ट होता. भोकं कुणीतरी खिळ्यानं ठोकून पाडलेली. पत्र्यात खिळा ठोकला की पलीकडच्या बाजूला भोकाच्या कडेनं धारदार कंगोरे उभे राहतात. आमच्या धंद्यात ते घासून काढायचे, म्हणजे धार मारायची; कंगोरे ठेवणं म्हणजे पाप. वस्ताद आम्ही घडवलेल्या जॉबवरून नख फिरवायचे, आणि नख कुठं अडलं की तोच जॉब डोक्यात हाणायचे. "भोक पाडणं हे अर्धं काम, त्याची धार मारणं हे उरलेलं अर्धं," हे त्यांनी माझ्या हाडात भिनवलं होतं.

मी भोकांची मापं घेतली. झारा उद्या न्या म्हणालो. आणि संध्याकाळी, कुणी सांगितलेलं नसताना, केवळ त्या बाईबद्दल वाटलं म्हणून, झारा कानशीनं घासला, पॉलिश पेपर मारला, एकेक भोक आतून गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी तो हातात घेतला तर त्यात तोंड दिसत होतं.

"अगं बया, ही तर नवी नवरी केलीस की रं झाऱ्याची!" त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मशीन करायला मला दोन महिने लागणार होते. तोवर अक्का दुखऱ्या हातानं त्या झाऱ्यावरच शेव पाडत होत्या. मी मधे एकदा वडगावला माप बघायला गेलो, तर त्या उंबऱ्यावर बसलेल्या. तात्यांचा निरोप आला होता. शेव पहिल्यासारखी नाही. रश्श्यात पडली की एक तर गारगोटीसारखी टणक राहते, नाहीतर एकदम लगदा होते.

"पीठ तेच, तेल तेच, मोहन मी माझ्या हातानं घालतेय," अक्का म्हणाल्या. "बदललंय काय, तर खांदा. हाताचा दाब गेला बघ, मिस्त्री. माझा हात गेला."

खांदा दुखतोय हे दिसतच होतं. मी म्हणालो, "अक्का, मशीनला खांदा नसतो. ते आलं की सगळं ठीक होईल." किती सहज बोलून गेलो!

मशीन झालं. त्याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि ते लपवणार नाही. उभा लोखंडी डबा, आत फिरणारा स्क्रू, खाली भोकांची पितळी चकती, वर मोटार. वरून पीठ टाकायचं, स्क्रू ते खाली दाबत नेतो. पहिल्या दिवशी मधल्या भोकांतून शेव धो धो आली आणि कडेची भोकं रुसून बसली, कारण दाब मधे जास्त असतो. मग मी चकती कडेला पातळ केली आणि मधे जाड ठेवली. जाड जागी पिठाला लांब भोकातून जावं लागतं म्हणून ते हळू येतं, आणि सगळ्या काड्या बरोबरीनं पडतात. नंतर लक्षात आलं, स्क्रूच्या घासण्यानं पीठ गरम होऊन चिकटतंय. वेग कमी केला, डब्याभोवती गार पाणी फिरवलं. हे सगळं मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. चकतीची भोकं तर मी अशी चकचकीत केली होती की वस्तादांनी बघितलं असतं तर पाठीवर थाप मारली असती.

शेव देखणी पडली. एकसारखी, सोनेरी, काचेच्या काडीसारखी. पाची बाया टाळ्या वाजवायला लागल्या. अक्कांनी एक काडी उचलली, दाताखाली धरली आणि चेहरा पडला.

"तसलीच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची आता जशी पडतीया, तसलीच."

मी डबाभर शेव घेऊन तात्यांकडं गेलो. तात्या मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे. त्यांनी रश्श्यात शेव टाकली, थोडं थांबले, खाल्ली आणि चमचा ठेवला.

"मिस्त्री, दिसाय झकास हाय. पर रस्सा हिच्या अंगाला लागतच न्हाय. मिसळीत शेव म्हणजे रस्सा पिणारी पायजे, ही नुसतीच पोहाय लागलीया. अक्काला सांगा, मी दसऱ्यापतूर थांबतो. माणूस माझ्या ओळखीचं, पंधरा वर्सं माल घेतोय, म्हणून थांबतोय. पुढं मला दुसरीकडं बघाय लागंल."

दसऱ्याला नऊ दिवस होते. ते नऊ दिवस मी विसरणार नाही. आम्ही डाळ बदलून बघितली, दळण जाड-बारीक केलं, सोडा घातला, सोडा काढला, तेल कडक तापवलं. अक्का एका शब्दानं मला बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागत होतं. उलट म्हणायच्या, "तुझं मशीन माझ्या हातासारखंच करतंय. माझाच हात खोटा निघाला, तर मशीनला काय बोल लावू?"

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा मला वाटलं, भोकाचं मापच चुकलं असेल. थोड्या मोठ्या भोकांची चकती करून बघू. वेळ नव्हता. ड्रिल मारलं आणि धार न मारता, पॉलिश न करता, तशीच कच्ची चकती पिशवीत टाकून वडगावची गाडी पकडली. नुसतं माप बघायचं होतं. मापाचं समाधान झालं की नीट करू, असं मनात होतं. अशी कच्ची चकती घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जाताना मला खरोखर लाज वाटत होती.

चकती बसवली, मोटार चालू केली. शेव पडली ती काटेरी. अंगावर बारीक बारीक काटे, जरा मळकट, अजिबात देखणी नाही. मी म्हणालो, "अक्का, ही टाकून द्या, नुसतं माप बघा." पण अक्का तोवर चाळणीत शेव निथळून तोंडात टाकून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांचे डोळे भरले. "आली," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, माझी शेव आली की रं!"

सगळ्या बाया खायला लागल्या. मी चकती काढून उलटी केली आणि भोकांवरून नख फिरवलं. नख जागोजाग अडलं, आणि सगळा उलगडा झाला. कच्च्या कडेवरून जाताना पीठ खरवडलं जातं. काडीच्या अंगावर काटे उठतात. तळताना आतली वाफ त्या काट्यांच्या खाचांतून निघून जाते, म्हणून शेव खुसखुशीत होते, आणि ताटलीत त्याच वाटेनं रस्सा आत शिरतो. गुळगुळीत भोकातून आलेल्या काडीची कातडी बंद. वाफ आतच कोंडते आणि रस्सा बाहेरच राहतो. ज्या धारेला मी आयुष्यभर पाप समजलो, तीच त्या शेवेची चव होती.

दुसऱ्याच क्षणी माझी नजर भिंतीकडं गेली. खुंटीला तो झारा टांगला होता. चकचकीत.

म्हणजे अक्कांचा हात गेलाच नव्हता. त्यांचा झारा मी मारला होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण अक्का बायांना म्हणत होत्या, "माझा हात गेला, पर मिस्त्रीच्या मशीननं लाज राखली," आणि एक बाई माझ्यापुढं गुळाचा खडा आणि पाणी ठेवत होती. मी गूळ खाल्ला. शब्द गिळले. दसऱ्याला तात्यांच्या हॉटेलात शेव पोचली आणि तात्यांनी निरोप पाठवला, "अक्का, झाक!" पाची बायांचं काम टिकलं, पुढं त्यांच्या अकरा झाल्या. काटेरी शेवेचं मशीन म्हणून माझं नाव गारगोटीपासून निपाणीपर्यंत गेलं. मी शहाणपणानं सांगत फिरायचो की चकतीची धार मारायची नसते. हे मला कसं कळलं, ते मात्र सांगायचो नाही.

अक्कांनी परत झाऱ्याला हात लावला नाही. वर्षाला एक-दोनदा मी मशीन बघायला जायचो. घरात कुणी चार माणसांपुरती शेव पाडायची म्हटली तरी त्या सुनेला पुढं करायच्या. "माझा हात गेलाय," असं पाण्याला पाणी म्हणावं तितक्या सहज म्हणायच्या. मला दर वेळी ते वाक्य कानशीसारखं घासून जायचं. आणि दर वेळी मी चहा पिऊन परत यायचो.

बारा वर्षं गेली. अक्कांनी साठी ओलांडली, कारभार त्यांची सून विमल बघायला लागली. एक दिवस विमलचा निरोप आला, तातडीनं या, शेव बिघडलीय, हॉटेलं माल परत करतायत. मी गेलो. अक्का मशीनजवळच बाजेवर बसल्या होत्या. मी शेव हातात घेतली आणि मला हसूच आलं. गुळगुळीत, काचेच्या काडीसारखी.

"चकती कुणी घासली?" मी विचारलं.

"नवा फिटर आलता न्हवं इचलकरंजीचा," विमल म्हणाली. "म्हणाला, भोकं लई खराब झाल्यात, पालिश करून देतो. का ओ मामा?"

"भोकं घासायची नसतात पोरी. घासली की शेव अशीच टणक होणार. दुसरं काही बिघडलेलं नाही." माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मशीन बंद होतं, त्यामुळं बाजेवर सगळं ऐकू गेलं.

"भोकं गुळगुळीत केली की शेव बिघडतीया व्हय?" अक्कांनी विचारलं.

"होय अक्का."

त्यांनी मान वळवून खुंटीकडं बघितलं. झाऱ्यावर आता काजळी बसली होती, तरी एका कोपऱ्यात चमक होती. मग माझ्याकडं वळल्या. "मग माझा झारा?"

आता पळायला जागा नव्हती, आणि मला पळायचंही नव्हतं. मी त्यांच्या समोर खाली जमिनीवर बसलो. "मीच घासला होता अक्का. तुम्ही माप घ्यायला दिला तेव्हा. त्यानंच शेव बिघडली. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. खांदा दुखत होता एवढंच."

"तुला कवा कळलं?"

"कच्ची चकती बसवली त्याच दिवशी. दसऱ्याच्या आधी."

"मुडद्या!" अक्का ओरडल्या. "बारा वर्सं! बारा वर्सं मी माझ्याच हाताला शिव्या देत बसले! तवाच सांगाय तुझं तोंड शिवलं हुतं व्हय?"

मी मान खाली घातली. लाज वाटली म्हणून, हे खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे, बाया पुढ्यात गूळ-पाणी ठेवत असताना मला तो मान सोडवला नाही. हे मी त्यांना सांगितलं. विमल कावरीबावरी होऊन दोघांकडं बघत होती.

अक्का बाजेवरून उठल्या. खुंटीवरचा झारा डाव्या हातानं काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "खिळा घे," त्या म्हणाल्या. "पाड भोकं. पयल्यासारखी."

जुनी भोकं दुरुस्त होण्यासारखी नव्हती. मी मागच्या बाजूला पडलेला डब्याचा एक जाड पत्रा शोधून धुऊन घेतला, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवला आणि खिळ्यानं ठोकत गेलो. वस्तादांच्या हाताखाली शिकलेला माणूस, ओळ वाकडी, माप कमी-जास्त, एकेका ठोक्याला कंगोरे उभे राहतायत, आणि मी एकालाही कानस लावली नाही. आयुष्यात इतकं गबाळं काम इतक्या मनापासून मी केलं नव्हतं.

विमलनं कढई तापवली. अक्कांनी पिठाचा गोळा हातात घेऊन दाबून बघितला, थोडं पाणी लावलं. डाव्या हातानं उजवा खांदा धरला आणि टाचेनं पीठ रेटलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी कळ आली असणार, कारण ओठ घट्ट मिटले. पण थांबल्या नाहीत. गोळा संपवला. तेल शांत झाल्यावर शेव निथळली, वाऱ्यावर धरली आणि एक काडी दाताखाली मोडली. तो आवाज मला चार हातांवर ऐकू आला.

मूठभर शेव त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली. "खा. आन् सांग, हात गेलाय?"

गरम होती, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं ते कशानं हे मी सांगत बसत नाही. "नाही अक्का. हात आहे."

"हाय की!" अक्का म्हणाल्या, आणि पिठाचा दुसरा गोळा उचलला.